आम्ही 'भेटायला आलेले नातेवाईक' नव्हतो

"तुम्हाला काय हो, लॉकडाऊनमध्ये फारसा फरक पडला नसेल. तुम्ही तसेही घरातच असता."

हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता पाठ झालंय. लग्नात ऐकलं, बारशाला ऐकलं, एकदा तर बँकेत पासबुक भरायच्या रांगेत ऐकलं. बोलणारी माणसं वाईट नाहीत. काही आपल्याच घरातली आहेत आणि हे वाचतही असतील. (वाचा, वाचा. आणि रागावू नका, रविवारी जेवायला या.) पण मंडळी, आज या वाक्याचा एकदाचा समाचार घ्यायचा आहे. खूप दिवस टंकायचा आळस केला. परवा कुठल्याशा चॅनलवर 'करोनाने आपल्याला काय शिकवलं' छापाची चर्चा लागली होती. पाऊण तास चालली. त्यात शाळा झाल्या, उद्योग झाले, वर्क फ्रॉम होम झालं, ओटीटीसुद्धा झालं. आमच्यासारखी घरं कुठे नव्हतीच. म्हटलं, बसावं आता.

नव्या वाचकांसाठी: आमच्या ह्यांना २०११ पासून पार्किन्सन्स आहे. लोकांना त्यातली हाताची थरथर तेवढी माहीत असते. थरथर हा त्यातला सगळ्यात दिखाऊ भाग, आणि आमच्याकडे तरी सगळ्यात कमी त्रासाचा. खरा त्रास म्हणजे शरीर हुकूम ऐकत नाही. मेंदूतल्या डोपामीन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात, आणि मग खुर्चीतून उठणं, कुशीवर वळणं, घास गिळणं, शर्टाचं बटण लावणं या गोष्टी, ज्या तुमच्याआमच्या शरीरात न सांगता होतात, त्या एकेक करून सांगून कराव्या लागतात. दारातून आत जाताना पाय जमिनीला चिकटतात. लेव्होडोपाच्या गोळ्या (आपल्याकडे घरोघरी 'सिंडोपा' म्हणतात) आजार थांबवत नाहीत, पण डोपामीनची उणीव काही तास भरून काढतात. काही तासच. हे औषध रक्तात दीड तासात निम्म्यावर येतं. त्यामुळे आजार जुना झाला की गोळी दहाला म्हणजे दहालाच. अकराला दिली तर मधला तासभर माणूस पुतळा होऊन बसतो. आमच्या भाषेत त्याला 'ऑफ' जाणं म्हणतात.

आणि दुसरं औषध म्हणजे हालचाल. चालणं, व्यायाम, फिजिओथेरपी. हे 'जमलं तर करा' या प्रकारातलं काम नाही. या आजारात जी हालचाल महिनाभर केली नाही ती बऱ्याचदा परत येत नाही.

आता त्या 'तसेही घरातच' कडे येऊ.

मार्च २०२० च्या आधी हे रोज सकाळी बागेत चार फेऱ्या मारत. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी. महिन्यातून एकदा आधारगटाची सभा, तिथे मागच्या रांगेत बसून शुभंकरांची (म्हणजे आमची, काळजी घेणाऱ्यांची) यथेच्छ कुचाळकी. सकाळी दोन तास ब्यूरोचा मुलगा यायचा, अंघोळ घालायचा, दाढी करून द्यायचा. त्या दोन तासांत मी भाजी आणायचे, बँकेत जायचे, कधी नुसतीच मैत्रिणीकडे चहाला जाऊन बसायचे. हे सगळं आमचं 'घरातच असणं' होतं.

९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले, २२ ला जनता कर्फ्यू, २४ च्या रात्री आठ वाजता घोषणा आणि बारा वाजता देश बंद. चार तासांत. आमच्या सोसायटीने दुसऱ्या दिवशी फाटकावर फळा लावला: बाहेरच्या कुणालाही प्रवेश नाही. ब्यूरोचा मुलगा 'बाहेरचा' ठरला. फिजिओथेरपिस्ट 'बाहेरची' ठरली. मी सेक्रेटरींना फोन केला तर ते अगदी अदबीने म्हणाले, "वहिनी, ज्येष्ठांच्या सुरक्षिततेसाठीच करतोय हो!"

म्हणजे ज्येष्ठांच्या सुरक्षिततेसाठी एका ज्येष्ठाला अंघोळ कोण घालणार, तर दुसरी ज्येष्ठ. साठी उलटलेली, गुडघे गेलेली. ह्यांचं वजन तेव्हा शहात्तर किलो होतं. आता बोला!

बरं, हे केंद्राच्या ध्यानात आलं नव्हतं असंही नाही. दिव्यांगांच्या विभागाने २६ मार्च २०२० लाच सूचना काढल्या होत्या की दिव्यांगांची काळजी घेणाऱ्यांना निर्बंधांतून सूट द्या किंवा पास सोप्या पद्धतीने द्या. चांगल्या सूचना होत्या. त्या आमच्या फाटकापर्यंत काही पोचल्या नाहीत. आणि पोचून तरी काय, पार्किन्सन्सचा माणूस 'दिव्यांग' असतो हे कायद्याला माहीत आहे, लोकांना नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांच्या यादीत पार्किन्सन्स नावानिशी आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. त्याच कायद्याचं आठवं कलम सांगतं की धोक्याच्या आणि आपत्तीच्या प्रसंगी दिव्यांगांना समान संरक्षण मिळालं पाहिजे आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या यंत्रणांनी तशी तयारी ठेवली पाहिजे. लॉकडाऊन लावला तो कुठल्या कायद्याखाली? आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५. म्हणजे एका कायद्याने दुसऱ्या कायद्याशी दोन शब्द बोलायचे होते, इतकंच.

मग आला मे महिना. गृह मंत्रालयाच्या आदेशात पासष्टीच्या वरच्यांनी आणि सहव्याधी असलेल्यांनी घरीच राहावं असं आलं. जूनमध्ये राज्यात 'मिशन बिगिन अगेन' सुरू झालं, लोक सकाळी फिरायला बाहेर पडले, आणि आम्ही गॅलरीतून बघत होतो. हे हॉलमध्ये फेऱ्या मारायचे. सोफा ते फ्रिज. पण पार्किन्सन्सच्या माणसाला अरुंद जागेत वळणं हेच सगळ्यात कठीण, पाय अडकतात ते नेमके तिथेच. तीन महिन्यांत ते चार वेळा पडले. त्याआधीच्या अख्ख्या वर्षात एकदा पडले होते.

डॉक्टर फोनवर भेटत होते, हे मान्य. टेलिमेडिसिनची नियमावली २५ मार्च २०२० ला आली आणि त्याबद्दल मी सरकारला मनापासून दुवा देते. गावाकडच्या कितीतरी जणांना पुण्या-मुंबईचा न्यूरॉलॉजिस्ट पहिल्यांदा घरबसल्या दिसला असेल. आधारगटाच्या सभा झूमवर गेल्या, तिथे नागपूर-बेळगावचे लोक यायला लागले, तेही छानच. पण स्नायूंचा कडकपणा डॉक्टर कसा बघतात माहितीये? मनगट हातात धरून हळूहळू फिरवतात. ते व्हॉट्सॲप व्हिडिओवर कसं फिरवणार? आणि ह्यांचा आवाज इतका बारीक झालेला की डॉक्टर "हॅलो, ऐकू येतंय का?" म्हणत राहायचे आणि हे उत्तर देत राहायचे.

दिवाळी २०२० पर्यंत हे सोफ्यावरून एकट्याने उठेनासे झाले. वजन अकरा किलो उतरलं. रात्री भास व्हायला लागले. आणि मग सुरू झालं दुसरं पाठ झालेलं वाक्य: "आजारच तसा आहे हो."

या वाक्यावर माझा जास्त राग आहे. वाढत जाणाऱ्या आजाराची गंमत अशी की त्याच्या नावावर काहीही खपवता येतं. चांगला चालता माणूस गुडघ्यावर पडून फ्रॅक्चर झाला असता तर कुणी विचारलं असतं, का पडला? आमच्याकडे विचारायचं कारणच नाही. आजार पुढे जाणारच होता ना? गेला! पण तो किती पुढे गेला असता आणि किती ढकलला गेला, हा हिशेब कोण मांडणार? करोनाने किती गेले याचे आकडे रोज संध्याकाळी येत होते. ज्यांना करोना झालाच नाही, पण ज्यांचं चालणं गेलं, गिळणं गेलं, बोलणं गेलं, त्यांचा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता. मोटर न्यूरॉनच्या आजाराचा माणूस घ्या, त्याच्या हातात मुळात थोडीच वर्षं. त्यातली दोन अशी गेली. अल्झायमर्सचं माणूस घ्या, त्याला दर दहा मिनिटांनी मास्क का लावायचा हे नव्याने सांगायचं. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची डीबीएस शस्त्रक्रिया झालेले पेशंट घ्या. छातीतल्या त्या यंत्राची बॅटरी काही वर्षांनी संपते आणि बदलावी लागते, पण अशी ऑपरेशनं 'तातडीची नाहीत' या खात्यात पडून जगभर पुढे ढकलली गेली. बॅटरीला हे कोण समजावणार?

आता हॉस्पिटल.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. ह्यांचा लशीचा पहिला डोस झाला होता, तरी ताप आला, ऑक्सिजन ९० वर आला. खाट मिळाली हेच नशीब, त्या दिवसांत ती मिळणं म्हणजे काय होतं ते तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. नाव घेत नाही, घ्यायचंही नाही. तिथल्या नर्सेस चोवीस चोवीस तास राबत होत्या, त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तक्रार नियमाची आहे. नियम असा: नातेवाईकांना प्रवेश बंद.

मी म्हटलं, मी नातेवाईक म्हणून येत नाहीये. ह्यांच्या दिवसाला सहा वेळा गोळ्या आहेत, जेवणाच्या आधी ठरलेल्या अंतराने. पाणी घट्ट करून चमच्याने पाजावं लागतं, नाहीतर श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. पार्किन्सन्सची किती माणसं शेवटी त्या न्यूमोनियानेच जातात. ह्यांचा चेहरा हलत नाही, त्यामुळे दुखतंय की नाही ते बघून कळत नाही. (डॉक्टरी भाषेत त्याला मुखवट्यासारखा चेहरा म्हणतात. वर आणखी तो दुसरा मास्क.) मला पीपीई किट द्या, किटचे पैसे घ्या, मला लागण झाली तर माझी जबाबदारी असं लिहून घ्या, मला चौदा दिवस बाहेर सोडू नका. उत्तर आलं, "काकू, भेटायला कुणालाच सोडत नाही."

भेटायला!

नऊ दिवस मी खाली पार्किंगमध्ये होते. गोळ्या वॉर्डच्या राऊंडप्रमाणे दिल्या गेल्या, सकाळ-दुपार-रात्र. दुसऱ्या दिवशीच्या केसपेपरवर शेरा होता की पेशंट सहकार्य करत नाही. माणूस ऑफ होता हो! त्याला सहकार्य करायचं होतं, पण हात उचलायला लागणारं रसायनच मेंदूत नव्हतं. उलट्या होत होत्या म्हणून मेटोक्लोप्रामाइड लिहिलं गेलं. हे औषध मेंदूत डोपामीनचीच वाट अडवतं, पार्किन्सन्सच्या माणसाला ते देऊ नये हे पुस्तकात लिहिलेलं असतं. पण मध्यरात्री साठ पेशंट बघणाऱ्या पोरसवदा डॉक्टरला ते आठवायला शेजारी कुणीतरी बोलणारं माणूस लागतं. ते माणूस पार्किंगमध्ये होतं.

हे करोनातून बरे झाले. कागदावर 'बरे होऊन घरी' असंच आहे. गेले तेव्हा काठी घेऊन चालत होते, आले ते व्हीलचेअरवर, आणि ती खुर्ची अजून घरात आहे.

कोणी म्हणेल, बाई, त्या वेळी काय परिस्थिती होती, किट पुरत नव्हती, ऑक्सिजन नव्हता, तुम्हाला सोडलं असतं तर सगळ्यांनाच सोडावं लागलं असतं. हा मुद्दा मी गांभीर्याने घेते. म्हणून न्यूयॉर्कचं सांगते. एप्रिल २०२० मध्ये तिथे शवागारं भरून रस्त्यावर शीतपेट्यांचे ट्रक उभे होते. त्याच एप्रिलमध्ये त्या राज्याच्या आरोग्य खात्याने लिहून दिलं की बौद्धिक अपंगत्व किंवा डिमेन्शियासारखी आकलनाची अडचण असलेल्या पेशंटजवळ एक आधाराचं माणूस ही उपचाराची गरज आहे, त्याला हॉस्पिटलने आत घ्यावं. सगळ्यांना नाही, ज्यांना लागतं त्यांना. 'सगळ्यांनाच सोडावं लागेल' ही भीती तिथे एका कागदाने मिटली. आणि गोळ्यांच्या वेळेचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये पार्किन्सन्सच्या संस्थेने २००६ पासून हॉस्पिटलांच्या मागे धोशा लावलाय की गोळी वेळेवर द्या. म्हणजे महासाथीच्या चौदा वर्षं आधीपासून. आपल्याकडे अजून किती नर्सिंग कॉलेजांत हे शिकवतात, विचारून बघा.

आणि आता सगळ्यात मजेशीर भाग. (मजेशीर म्हणजे आपल्या आजीच्या अर्थाने.) काळजी घेणारं माणूस म्हणून कुणी असतं, हे सरकारला माहीतच नव्हतं असं समजू नका. घरच्या घरी विलगीकरणाची केंद्राची नियमावली काढून वाचा. त्यात अट आहे: चोवीस तास काळजी घेणारी व्यक्ती घरात उपलब्ध हवी. म्हणजे हॉस्पिटलची खाट वाचवायची असली की आम्ही आहोत, चोवीस तास आहोत, बिनपगारी आहोत. हॉस्पिटलच्या दारात गेलो की आम्ही 'भेटायला आलेले'.

लशीच्या रांगेत तर आम्ही त्याहून गायब. १ मार्च २०२१ ला साठीच्या वरच्यांना आणि ४५ ते ५९ मधल्या सहव्याधीवाल्यांना लस सुरू झाली. त्या सहव्याधींच्या वीस प्रकारांच्या यादीत पार्किन्सन्सचं नाव नव्हतं. चाळिशीत पार्किन्सन्स झालेली माणसं असतात, आमच्या गटात आहेत. पन्नाशीच्या आतबाहेरच्या त्या लोकांनी 'जास्त आधाराची गरज असलेले दिव्यांग' या एका ओळीत स्वतःला बसवायची खटपट करायची, नाहीतर १ एप्रिलची वाट बघायची. आणि त्यांना भरवणारी, उचलणारी, चाळिशीच्या आतली मुलगी किंवा सून? तिचा नंबर १ मे ला. तोही तुटवड्यामुळे मेच्या मध्यात राज्यात थांबला. ब्रिटनच्या क्रमवारीत सहाव्या गटात चेतासंस्थेचे जुने आजार असलेले आणि घरच्या आजाऱ्याची काळजी घेणारे, दोघेही होते. एकाच गटात. कुणालातरी तिथे सुचलं की या दोघांतलं एक पडलं की दुसरंही पडतं.

जे अंथरुणावरून उठूच शकत नव्हते त्यांची कथा तर उच्च न्यायालयात गेली. घरी जाऊन लस देणं जमणार नाही असं केंद्र सांगत राहिलं, जनहित याचिका झाली, आणि मुंबईत जुलै २०२१ च्या अखेरीस ते सुरू झालं. देशभरासाठी परवानगी आली सप्टेंबरमध्ये. तोवर लोक आजीला खुर्चीसकट उचलून केंद्रावर नेत होते.

एक अवांतर. पार्किन्सन्सच्या औषधांत अमँटाडीन नावाची एक गोळी असते. ती मूळची फ्लूची. १९६० च्या दशकात फ्लूसाठी दिली जायची, ती घेणाऱ्या एका पार्किन्सन्सच्या बाईंनी सांगितलं की माझं अंग मोकळं झाल्यासारखं वाटतंय, आणि त्यांचं म्हणणं डॉक्टरांनी मनावर घेतलं म्हणून जगाला एक औषध मिळालं. साथीच्या औषधाने आमचं भलं केल्याचं हे एक उदाहरण. ते घडलं कसं? पेशंट काय म्हणतो ते ऐकून! असो.

तिसरं पाठ झालेलं वाक्य राहिलंच. "तुम्ही म्हणजे अगदी सावित्री आहात." कृपा करून हे मला म्हणू नका. सावित्रीला फक्त यमाशी बोलायचं होतं, आणि तो निदान तिचं ऐकून घेत तिच्यासोबत चालला तरी. मला सोसायटीशी, वॉर्डाशी, विमा कंपनीशी आणि कोविनच्या ओटीपीशी बोलायचं होतं. माझी आरती केली की माझ्यासाठी काही करायचं उरत नाही, हा आरतीचा खरा फायदा आहे. त्या दोन वर्षांत मला देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांपैकी किती जणांनी फोन करून "तू झोपतेस का गं?" असं विचारलं? दोघांनी. त्यातली एक माझी नणंद, अमेरिकेहून, तिच्या पहाटे चारला. ताई, हे तुझ्यासाठी.

मला कळीचं भय करोनाचं नव्हतंच. मला झाला तर ह्यांना रात्री कुशीवर कोण वळवणार, हे होतं. या प्रश्नाचं उत्तर द्यायला एकही हेल्पलाइन नव्हती. आजही नाही. पुढची साथ येईल तेव्हा वॉर्डाच्या दारावर तोच फळा लागेल, कारण तो नियम कुणी बदललेलाच नाही. कुणी मागितलाच नाही म्हणून बदलला नाही, म्हणून मी मागतेय. ज्याला लागतं त्या पेशंटजवळ एक माणूस, नावानिशी, किट घालून, उपचाराचा भाग म्हणून. लशीत त्या माणसाचा नंबर पेशंटबरोबर. आणि ब्यूरोचा मुलगा आणि फिजिओथेरपिस्ट हे दूधवाल्याइतकेच 'अत्यावश्यक'. आमच्या फाटकातून दूध एक दिवस चुकलं नव्हतं.

तोवर आमच्या गटातल्या बऱ्याच जणांनी केलंय ते तुम्हीही करा. एका कागदावर मोठ्या अक्षरात गोळ्यांची नावं, मिलिग्रॅम आणि घड्याळाच्या वेळा. त्याखाली: पाणी घट्ट करून द्यावे. त्याखाली: चेहऱ्यावरून वेदना कळत नाही, विचारावे आणि उत्तराला एक मिनिट द्यावे. त्याखाली लाल शाईने: मेटोक्लोप्रामाइड (पेरिनॉर्म) आणि हॅलोपेरिडॉल देऊ नये, न्यूरॉलॉजिस्टना विचारावे, आणि त्यांचा फोन नंबर. चार झेरॉक्स. एक फ्रिजवर, एक फाइलमध्ये, एक पर्समध्ये, आणि एक ह्यांच्या शर्टाच्या खिशात, कारण आपण पार्किंगमध्ये असलो तरी तो शर्ट आत जातो.